सोळा चौकोन: सेवक तीन की चार?

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभा केला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी इथेच त्यांचे महानिर्वाण झाले. तेव्हापासून दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून माणसे मोझरीला येतात. ती ठरलेली वेळ झाली की अफाट गर्दी जागच्या जागी स्तब्ध उभी राहते आणि मौन श्रद्धांजली वाहते. बोलणे नाही, हालणे नाही. मात्र एवढ्या माणसांत कोणाला भोवळ येऊ शकते, कोणाला पाणी लागू शकते. म्हणून श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शिस्तीत वाढलेले सेवक गर्दीत उभे असतातच.

हे सेवक नेमके कुठे उभे करावेत, या प्रश्नात गणिताची एक अख्खी शाखा दडलेली आहे. समजा, मैदानावर चुन्याने चौकोन आखले, वीस ओळी आणि वीस रांगा, एकूण चारशे. प्रत्येक सेवकाने स्वतःचा चौकोन सांभाळायचा आणि बाजूला लागून असलेल्या चार चौकोनांवर नजर ठेवायची: पुढचा, मागचा, डावा, उजवा. कोपऱ्याला कोपरा लागलेले चौकोन त्याच्याकडे नाहीत. एकही चौकोन बेवारस राहू नये, यासाठी कमीत कमी किती सेवक लागतील? आखणी कल्पनेतली आहे, पण उत्तर खरे आणि पक्के आहे: ९२. ब्याण्णवात काम होते आणि एक्याण्णवात ते कोणालाही, कधीही जमणार नाही. हे सिद्ध व्हायला २०११ साल उजाडावे लागले.

ग्राफ थिअरीत अशा चौकोनांना शिरोबिंदू म्हणतात, दोन शेजाऱ्यांना जोडणाऱ्या रेषेला कडा आणि बिंदू-कडांच्या अशा जाळीला ग्राफ. जे मोजके बिंदू मिळून बाकी सगळ्यांवर लक्ष ठेवू शकतात, त्यांचा गट म्हणजे प्रभुत्व संच. अशा सर्वांत लहान गटातल्या बिंदूंची संख्या हा त्या ग्राफचा प्रभुत्वांक. मोझरीच्या आपल्या मैदानाचा प्रभुत्वांक ९२.

मैदानाची जाळी कशी तयार झाली, हेही पाहण्यासारखे आहे. वीस बिंदूंची एक सरळ ओळ घ्या. तशीच दुसरी ओळ तिच्याशी काटकोनात ठेवा. आता पहिल्या ओळीतला एक बिंदू आणि दुसऱ्या ओळीतला एक बिंदू अशा प्रत्येक जोडीसाठी एक चौकोन मांडा. दोन ओळींचा हा गुणाकार झाला. चौकोन किती, हे साध्या गुणाकाराने कळते. पण कोण कोणाचा शेजारी, हे ठरवण्याचे नियम वेगवेगळे असू शकतात आणि खरी गंमत तिथेच आहे. एका वेळी एकाच दिशेने एक पाऊल टाकायची मुभा असेल तर तो कार्टेशियन गुणाकार, आपल्या मैदानातला. दोन्ही दिशांना एकदम पाऊल टाकले तरी चालेल, म्हणजे कर्णातले चौकोनही शेजारी धरले, तर तो सशक्त गुणाकार. बुद्धिबळाचा राजा असाच चालतो. आणि मुळातच ओळीतला प्रत्येक जण प्रत्येकाचा शेजारी असेल, तर त्या दोन ओळींच्या कार्टेशियन गुणाकारात हत्तीची चाल मिळते: आडव्या-उभ्या रेषेत कितीही दूर.

मैदान तेच, चौकोन तेच चारशे. सेवकाला राजासारखे आठही बाजूंना पाहू दिले, तर ४९ सेवक पुरतात, कारण तीन बाय तीनचा एक तुकडा एकाला सांभाळता येतो आणि वीसला तीनने भागून वरच्या पूर्णांकापर्यंत गेले की सात मिळतात, साता साते एकोणपन्नास. हत्तीसारखी नजर दिली तर वीसच पुरतात, एका ओळीला एक. साध्या चार शेजाऱ्यांच्या नियमात मात्र ९२ लागतात. पहिली दोन उत्तरे शाळकरी पोरही काढू शकेल. तिसरे काढायला गणितज्ञांची एक पिढी खर्ची पडली.

अडचण कुठे येते? सेवक आणि त्याचे चार शेजारी मिळून अधिकच्या चिन्हासारखा पाच चौकोनांचा आकार होतो. हे आकार एकमेकांत चपखल बसतात. बुद्धिबळातला घोडा दोन घरे पुढे आणि एक घर बाजूला जातो, तसे एका सेवकापासून दुसऱ्याकडे जात राहिले की सगळे पटल भरून जाते, कोणताही चौकोन दोघांच्या वाट्याला येत नाही आणि एकही सुटत नाही. मैदानाला कडाच नसत्या, म्हणजे उजवीकडून बाहेर पडणारा डावीकडून आत आला असता आणि वरून निघणारा खालून, तर चारशेचा बरोबर पाचवा हिस्सा, ८० सेवक, पुरला असता. वरचे १२ सेवक निव्वळ मैदान संपते म्हणून लागतात.

या बाराचा हिशेब सुंदर आहे. घोड्याच्या चालीची ही मांडणी मैदानावर अंथरली की कडेचे काही चौकोन मैदानाबाहेरच्या सेवकांच्या भरवशावर राहतात. म्हणून मैदान चारही बाजूंनी एकेक चौकोनाने वाढवून घ्यायचे: वीसचे बावीस. बावीस गुणिले बावीस म्हणजे ४८४. त्याचा पाचवा हिस्सा ९६ आणि वर थोडे. जे सेवक बाहेरच्या पट्ट्यात पडले त्यांना एक पाऊल आत ओढायचे. मग चारही कोपऱ्यांपाशी थोडी हलवाहलव केली की प्रत्येक कोपऱ्यात एक सेवक वाचतो. ९६ वजा ४, उरले ९२. टोनी यू चँग यांनी १९९२ साली आपल्या प्रबंधात ही रचना दिली आणि दोन्ही बाजू किमान १६ असतील तर याहून कमीत काम होणार नाही, असा अंदाज वर्तवला. रचना दाखवणे सोपे होते. याहून कमी अशक्य आहे हे दाखवणे अवघड, कारण चारशे चौकोनांत एक्याण्णव सेवक उभे करण्याचे मार्ग मोजायला गेले तर संगणकही थकेल.

अरुंद पट्ट्यांचा निकाल मात्र बराच आधी लागला होता. जेकबसन आणि किंच यांनी १९८३ साली दोन, तीन आणि चार रुंदीच्या पट्ट्यांची सूत्रे दिली. चार रुंदीचा पट्टा विशेष गोड आहे: लांबी जितकी तितकेच सेवक, फक्त १, २, ३, ५, ६ आणि ९ या लांब्यांना एक जास्त. ही अपवादांची यादी पाहिली की कळते, लहान मैदाने किती हट्टी असतात. मैदाने मोठी झाली की ती सूत्रात येतात. चँग यांचा अंदाज अखेर चार फ्रेंच संशोधकांनी २०११ साली सिद्ध केला: गोन्साल्व्हेस, पिनलू, राव आणि थोमासे. त्यांनी अख्ख्या मैदानाकडे पाहिलेच नाही. सेवकाची ताकद पाच चौकोनांची. ती कुठे कुठे वाया जाते, हे त्यांनी मोजले. एखादा चौकोन दोघांच्या नजरेत आला की एक वाया, सेवक कडेवर उभा राहिला की एक वाया. कडेलगतच्या ठरावीक रुंदीच्या पट्ट्यात ही नासाडी अमुक एवढी व्हायचीच, हे त्यांनी संगणकाने पायरीपायरीने तपासले आणि तेवढ्यावर सूत्र उभे राहिले.

सूत्र झाले म्हणून सगळे सुटले, असे नाही. मैदान पूर्ण आयताकृती असेल तरच ते चालते. मध्ये समाधी आहे, एका बाजूला मंडप आहे, कुठे झाड आहे, त्यामुळे मन मानेल तसे चौकोन गाळावे लागतात, अशा मैदानांसाठी कोणतेही सूत्र नाही. १९९० साली क्लार्क, कोलबर्न आणि जॉन्सन यांनी दाखवले की अशा तुकडेबाज जाळीवरही हा प्रश्न एनपी-पूर्ण आहे, म्हणजे सर्व उदाहरणांत चटकन अचूक उत्तर देणारी रीत कोणाला ठाऊक नाही आणि ती सापडली तर संगणकशास्त्रातले शेकडो अवघड प्रश्न तिच्याबरोबर सुटतील. खरी मैदाने नेहमी अशीच असतात, हे इथे आवर्जून सांगायला हवे.

या विचाराची सुरुवात पटावर झाली. १८६२ साली डी याइनिश यांनी विचारले की बुद्धिबळाच्या पटावरचे प्रत्येक घर वजिराच्या माऱ्यात आणायला किमान किती वजीर लागतील. उत्तर पाच. घोडे मात्र बारा लागतात. फ्रान्सच्या क्लोद बर्ज यांनी १९५८ साली आपल्या पुस्तकात हा प्रश्न सर्वसाधारण ग्राफांसाठी मांडला आणि ऑयस्टिन ओर यांनी १९६२ साली त्याला प्रभुत्व हे नाव दिले. कोकेन आणि हेडेटनिएमी यांचा १९७७ सालचा आढावा लेख आला आणि विषयाला बहर आला. भारतात हे काम लवकर रुजले. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या ई. संपतकुमार आणि एच. बी. वालीकर यांनी १९७९ साली जोडलेल्या प्रभुत्वाची कल्पना मांडली: सेवकांनी सगळे मैदान तर सांभाळायचेच, पण एका सेवकाचा निरोप दुसऱ्या सेवकांमार्फतच शेवटच्यापर्यंत पोचला पाहिजे, मधे कोणी परका नको. मोझरीच्या मैदानात हे किती उपयोगी, हे सांगायला नको. पुढे तारेविना चालणारी जाळी आली आणि हीच कल्पना त्यांचा कणा झाली. आपल्या सीमेलगतच्या विद्यापीठात जन्मलेला हा विचार मराठी वाचकांना फारसा माहीत नाही, याची खंत वाटते.

मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावे असे नाव मात्र दुसरे आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर इथे जन्म. नागपूरच्या सायन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि नंतर नागपुरात त्यांनी शिकवलेही. अमेरिकेत चॅपल हिलला राज चंद्र बोस यांच्या हाताखाली १९५० साली डॉक्टरेट केली आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचा विभाग उभा केला. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी ऑयलरचा १७८२ सालचा एक अंदाज खोटा ठरवला. लॅटिन चौरसांबद्दलचा तो अंदाज पावणेदोनशे वर्षे टिकला होता. त्याच वर्षी २६ एप्रिलला न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली. श्रीखंडे १०२ वर्षे जगले आणि २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्याला त्यांचे निधन झाले.

त्याच १९५९ साली त्यांनी एक लहानसा निबंध लिहिला, त्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्राने छापली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. हत्तीच्या ग्राफबद्दलचा तो प्रश्न होता. चार बाय चारच्या पटावर हत्तीच्या चालीने प्रत्येक घराला सहा शेजारी मिळतात: तीन आडवे, तीन उभे. कोणत्याही दोन शेजाऱ्यांचे सामाईक शेजारी दोन. शेजारी नसलेल्या कोणत्याही दोन घरांचे सामाईक शेजारीही दोनच. एवढे आकडे ठरवून दिले, तर ग्राफ हत्तीचाच असला पाहिजे का? पाच बाय पाच, सहा बाय सहा, त्यापुढचे सगळे पट घ्या, त्या त्या पटाच्या आकड्यांपुरते उत्तर हो असेच आहे, हे श्रीखंड्यांनी सिद्ध केले. एकच पट अपवाद निघाला: चार बाय चार. तिथे तंतोतंत हेच आकडे असलेला दुसरा एक ग्राफ आहे आणि जगभर तो श्रीखंडे ग्राफ म्हणून ओळखला जातो.

तो काढायला कागद आणि पेन्सिल पुरे. चार ओळी, चार रांगा असे सोळा चौकोन काढा. प्रत्येक चौकोनाला वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे शेजारी द्या. शिवाय खाली-उजवीकडच्या आणि वर-डावीकडच्या कोपऱ्यांतलेही द्या. दुसऱ्या कर्णातले दोन द्यायचे नाहीत. कड आली की पलीकडच्या बाजूने आत यायचे. एवढेच. प्रत्येकाला सहा शेजारी झाले.

आता दोन्ही सोळा-चौकोनी मैदानांवर सेवक उभे करून पाहा. सेवक स्वतःला धरून सात चौकोन सांभाळतो. दोघे मिळून फार तर चौदा. म्हणजे किमान तीन हवेतच आणि तीन साते एकवीस, सोळापेक्षा कितीतरी जास्त. आकडेमोड दोन्हीकडे अगदी सारखी. हत्तीच्या पटावर मात्र तीन सेवक पुरत नाहीत: तिघे मिळून फार तर तीन ओळी आणि तीन रांगा अडवतील, एक ओळ आणि एक रांग रिकामी राहील आणि ती जिथे एकमेकींना छेदतात तो चौकोन बेवारस. तिथे चार लागतात. श्रीखंडे ग्राफवर एक सेवक पहिल्या ओळीच्या पहिल्या रांगेत ठेवा, दुसरा दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या रांगेत, तिसरा तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या रांगेत. आता एकेक चौकोन तपासा. सोळाच्या सोळा सांभाळले गेले.

शेजारी तितकेच, सामाईक शेजारीही तितकेच, तरी एकीकडे चार आणि दुसरीकडे तीन. फरक शेजाऱ्यांच्या आपसातल्या नात्यात आहे. हत्तीच्या पटावर एका चौकोनाचे सहा शेजारी दोन कंपूंत विभागलेले असतात: आडव्या ओळीतले तिघे एकमेकांचे शेजारी, उभ्या रांगेतले तिघे एकमेकांचे शेजारी आणि दोन कंपूंचा परस्परांशी संबंध नाही. श्रीखंडे ग्राफमध्ये तेच सहा जण हातात हात धरून गोल रिंगण करतात, प्रत्येकाचा संबंध फक्त दोन बाजूंच्या दोघांशी. प्रभुत्वांक ही वीण ओळखतो. माणसागणिक ओळखी किती, एवढ्या मोजणीने तो हाती लागत नाही, आणि या विषयात इतकी माणसे का गुंतून पडतात याचे कारण हेच असावे.

हे सोळा चौकोन आणखी एक गोष्ट सांगतात. श्रीखंडे ग्राफमधले कर्ण काढून टाकले तर उरते काय? चार बिंदूंची एक बंद साखळी आणि तशीच दुसरी साखळी, त्यांचा कार्टेशियन गुणाकार. एका साखळीला दोन सेवक लागतात. गुणाकाराला चार: सेवकामागे पाच चौकोन, तिघांत पंधराच होतात. दोन गुणिले दोन बरोबर चार.

योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते. पण गणितज्ञ वदिम विझिंग यांनी १९६३ साली विचारले की कार्टेशियन गुणाकाराचा प्रभुत्वांक दोन मूळ ग्राफांच्या प्रभुत्वांकांच्या गुणाकाराहून कधी कमी होऊ शकतो का, आणि १९६८ साली ग्राफ थिअरीतल्या न सुटलेल्या प्रश्नांच्या आपल्या आढाव्यात त्यांनी अंदाज मांडला की कधीच नाही. आपल्या वीस बाय वीसच्या मैदानाला हा नियम लावून पाहू. वीस बिंदूंच्या ओळीला सात सेवक लागतात. सात गुणिले सात, ४९. लागतात ९२, म्हणजे नियमाला भरपूर वाव. राजाच्या चालीसाठी आपल्याला हाच ४९चा आकडा मिळाला होता, तोही उगाच नाही. सशक्त गुणाकारात दोन्हीकडचे सेवक एकमेकांशी गुणले की सगळे मैदान सांभाळले जाते, त्यामुळे तिथे मूळ प्रभुत्वांकांच्या गुणाकाराहून जास्त सेवक कधीच लागत नाहीत. एका गुणाकारासाठी ती वरची मर्यादा आहे, दुसऱ्यासाठी तीच खालची मर्यादा असावी, असे विझिंग म्हणत होते. पहिले विधान दोन ओळींत सिद्ध होते. दुसरे अजून झालेले नाही.

तुकड्या-तुकड्याने बरेच काही हाती आले आहे. बार्चाल्किन आणि गेर्मान यांनी १९७९ साली ग्राफांच्या एका मोठ्या कुळासाठी अंदाज खरा ठरवला. ओळी, बंद साखळ्या, झाडासारखे फाटे फुटणारे ग्राफ, सगळे त्या कुळात येतात. दोहोंपैकी एका ग्राफचा प्रभुत्वांक तीन किंवा कमी असेल, तरी अंदाज खरा आहे. श्रीखंडे ग्राफचा प्रभुत्वांक तीनच, तेव्हा त्याला दुसऱ्या कोणत्याही ग्राफने गुणले तरी विझिंग यांचे म्हणणे मोडणार नाही. कोणत्याही अटीविना, सर्व ग्राफांसाठी, २००० साली एडविन क्लार्क आणि स्टीफन सुएन यांनी निम्मे काम केले: गुणाकाराला मूळ दोन प्रभुत्वांकांच्या गुणाकाराच्या किमान अर्धे तरी सेवक लागतातच. सुएन आणि टार यांनी २०१२ साली त्यात दोनपैकी लहान प्रभुत्वांकाचा अर्धा भाग वाढवून दिला. विझिंग २०१७ साली वारले, तोवर अर्ध्याचा पूर्ण एक झाला नव्हता. अंदाज खोटा पाडणारी दोन ग्राफांची एकही जोडी त्यानंतरही कोणाला सापडलेली नाही.